‘दुखतंय का?’ला उत्तर मिळत नाही तेव्हा

‘जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का?’ आशा कार्यकर्ती घरोघरी जो तपासणी फॉर्म भरते, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे चार प्रश्न आहेत. त्यांतला हा एक. बाकीचे तीन असे : उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, हालचालीला अडथळा येईल असं काही अपंगत्व आहे का, आणि जेवण, कपडे, अंघोळ यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का. आयुष्मान भारत कार्यक्रमातला हा फॉर्म तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा भरायचा असतो. म्हणजे मुंबईत काय किंवा धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्यात काय, विस्मरणाची विचारपूस निदान कागदावर तरी दारापर्यंत पोचली आहे. ही साधी गोष्ट नाही.

पण या चार प्रश्नांकडे नीट पाहिलं तर दोन गोष्टी खटकतात. एक, विसरतोस का हे विसरणाऱ्यालाच विचारायचं आहे. दुसरी जास्त गंभीर. तोल जाणं, हालचाल कमी होणं, अंघोळीला मदत लागणं या सगळ्यांच्या मुळाशी कित्येकदा दुखणारे गुडघे, दुखणारी कंबर, दुखणारे दात असतात, आणि वेदनेबद्दल या चारांत एकही प्रश्न नाही. असता तरी, ज्याने ‘विसरतो’ला ‘हो’ म्हटलं त्याच्या बाबतीत तो प्रश्न नुसता विचारून भागलं नसतं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला वेदना होते आहे की नाही, हे ओळखायचं कसं? जगभरात यावर गेली २५-३० वर्षं पुष्कळ काम झालं आहे. ते आपल्याकडे घरांपर्यंत मात्र आलेलं नाही.

आधी प्रश्न किती मोठा ते पाहू. आपल्या देशात साठीच्या पुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज देशव्यापी ‘लासी-डॅड’ पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आढळलं. हाच हिशेब गावपातळीवर आणला तर साठीपुढची हजार माणसं असतील तिथे ७० ते ८० घरांत हा आजार आहे. येरमाळा आणि आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या मिळून काय चित्र असेल, याची कल्पना यावरून करता येईल.

या विषयावरचं बहुतेक संशोधन ‘नर्सिंग होम’मधल्या वृद्धांवर झालेलं आहे, आणि इथे वाचकाची फसगत होऊ शकते. आपल्याकडे कळंबला किंवा बार्शीला ‘नर्सिंग होम’ची पाटी दिसली तर ते बाळंतपणाचं किंवा छोटं खासगी रुग्णालय असतं. अमेरिका-युरोपात मात्र नर्सिंग होम म्हणजे स्वतःचं स्वतः करू न शकणाऱ्या वृद्धांचं अखेरपर्यंतचं निवासस्थान. तिथे चोवीस तास परिचारिका असतात, प्रत्येकाची नोंदवही असते, आणि तरीही वेदना निसटतात. आपल्याकडे तसल्या संस्था मोठ्या शहरांत थोड्याफार आहेत. वृद्धाश्रम बरेच आहेत, पण ‘स्वतःची कामं स्वतः करता येणं’ ही प्रवेशाची अट सर्रास असते. विसरभोळेपणा वाढला की वृद्धाश्रमातूनही ‘यांना घरी न्या’ असा निरोप येतो. त्यामुळे येरमाळ्यातलं नर्सिंग होम म्हणजे घराची पडवी, आणि परिचारिका म्हणजे सून.

तीही वर्षभर असेलच असं नाही. कळंब, वाशी, भूम हा ऊसतोड कामगारांचा पट्टा आहे. मुकादमाची उचल घेतलेली असते, दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायकोचा ‘कोयता’ कारखान्याच्या वाटेला लागतो, तो मार्च-एप्रिलमध्ये परततो. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं. ज्या आजीला घराचा पत्ता आठवत नाही तिची काळजी घेणारी व्यक्ती वर्षातले पाच-सहा महिने बदललेली असते. वेदना ओळखण्याच्या दृष्टीने ही फार मोठी अडचण आहे. कशी, ते पुढे येईल.

‘मेंदूच काम करीनासा झालाय, त्यांना काय दुखणार?’ हा समज घरच्या लोकांतच आहे असं नाही, डॉक्टरांतही दीर्घकाळ होता. त्याची तपासणी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये लिओनी कोल आणि सहकाऱ्यांनी केली आणि निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. अल्झायमर झालेल्या आणि न झालेल्या वृद्धांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून-मापून दाब द्यायचा आणि त्याच वेळी एमआरआय यंत्रात मेंदूची हालचाल पाहायची, असा हा प्रयोग होता. आजार झालेल्यांच्या मेंदूत वेदनेशी संबंधित भाग मंद झालेले असतील, अशी अपेक्षा होती. तसं दिसलं नाही. ते भाग तितकेच, काही ठिकाणी तर जास्त आणि अधिक वेळ सक्रिय झाले. वेदना पोचत होती. तिचा अर्थ लावणं, ती कुठे आहे हे सांगणं, ‘थोड्या वेळात थांबेल’ अशी स्वतःची समजूत घालणं या गोष्टी अवघड झालेल्या होत्या. मेंदूतल्या छोट्या रक्तवाहिन्या बंद होऊन होणाऱ्या स्मृतिभ्रंशात तर वेदना वाढूही शकते, असं काही तज्ज्ञांचं मत आहे.

आणि तरीही उपचार कमी मिळतात. न्यूयॉर्कमध्ये शॉन मॉरिसन आणि आल्बर्ट सिऊ यांनी खुब्याचं हाड मोडून दाखल झालेल्या वृद्धांची तुलना केली होती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, तेच हाड मोडलेलं असताना तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्यांना मॉर्फिन गटातल्या औषधाची मात्रा शाबूत स्मृतीच्या रुग्णांच्या एक तृतीयांशच मिळालेली आढळली. कुणी मुद्दाम अन्याय केला असं नव्हे. एका रुग्णाने ‘सिस्टर, सहन होत नाही’ म्हटलं, दुसऱ्याने म्हटलं नाही, एवढाच फरक होता.

वेदनेच्या अभ्यासकांच्या जागतिक संघटनेने १९७९ मध्ये केलेली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत एक मुद्दा स्पष्ट केला : वेदना शब्दांत सांगणं हा ती व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी फक्त एक आहे, आणि सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असं ठरत नाही. तान्ह्या बाळाच्या बाबतीत हे आपल्याकडे कुठल्याही आजीला सांगावं लागत नाही. बाळ पाय पोटाशी घेऊन रडलं की ती हिंगाचं पाणी लावते. त्याच आजीवर वेळ येते तेव्हा तिचं पाय पोटाशी घेणं कुणी वाचत नाही.

याचं एक कारण भाषेत आहे. येरमाळ्याची येडेश्वरी म्हणजे लोकांची येडाई. रामाची परीक्षा पाहायला सीतेच्या रूपात आलेल्या पार्वतीला रामाने ओळखलं आणि ‘वेडी आई’ म्हटलं, अशी नावामागची कथा सांगतात. चैत्री पौर्णिमेला तिच्या यात्रेला लाखांनी माणसं येतात. त्यामुळे ‘येडी’ हा शब्द या मुलखात नुसता हेटाळणीचा नाही, त्यात मायाही आहे. पण ‘म्हातारी येडी झाली’ असं घरात एकदा ठरलं की तिचं ओरडणं, हात झटकणं, ताट सारणं, रात्रभर खाटेवर उठबस करणं हे सगळं त्या एकाच शब्दाच्या खात्यावर जमा होतं. दुसरं कारण शोधायचं राहून जातं. शहरात शब्द बदलतो, ‘डिमेन्शियामुळे ॲग्रेसिव्ह झाल्यात’ असं म्हणतात. होतं तेच.

अंघोळ घालताना मारायला धावणारी बाई घ्या. अनेक घरांतलं हे चित्र आहे. तिला पाण्याची भीती वाटत असेल, लाज वाटत असेल, समोरची आपली सून आहे हे तिला ओळखू येत नसेल. हे सगळं शक्य आहे. पण साडी सोडताना तिचा आखडलेला खांदा वर उचलला जातो आणि तेव्हाच ती मारते का, हे कुणी पाहिलं? जेवणाचं ताट सारणाऱ्या माणसाच्या तोंडात कुणी डोकावलं का? वर्षानुवर्षं मिशरी लावून हिरड्या गेलेल्या असतात, एखादा दात ठणकत असतो, किंवा कवळी टोचत असते. संध्याकाळ झाली की येरझाऱ्या घालणाऱ्या आजोबांना चार दिवस शौचाला झालेलं नसतं, किंवा प्रोस्टेटमुळे लघवी तुंबलेली असते. पाठीच्या खाली शय्याव्रण, बोटांच्या बेचक्यात जखम, बरगडीवर नागीण उठण्याच्या आधीची आग, पडल्यावर कुणाला न कळलेलं मोडलेलं हाड. यादी फार मोठी नाही, पण ती एकदा डोळ्यांखालून घालावी लागते.

सर्वांत फसवी हाक ‘आई गं’. मराठी माणूस दुखलं की आईला हाक मारतो. मराठवाड्यात ‘माय वं’, ‘अगं माय’. ऐंशी वर्षांची बाई रात्रभर ‘माय, माय’ करते तेव्हा घरचे म्हणतात, तिला तिची गेलेली आई आठवते आहे, लहानपणात गेली आहे. असेलही. या आजारात तसं होतंच. पण तीच हाक आयुष्यभर प्रत्येक कळेला तिच्या तोंडून निघाली आहे, आणि शब्द एकेक करून जात असताना अशा सवयीच्या हाका शेवटपर्यंत टिकतात. कूस बदलताना ‘माय’ वाढते का, हे पाहिलं तर उत्तर मिळण्याची शक्यता आहे.

अर्थात, विचारायचं सोडूनच द्यायचं असं मुळीच नाही. अमेरिकेतल्या फेरेल दाम्पत्याने आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नर्सिंग होममधल्या २१७ रहिवाशांचा अभ्यास केला होता. त्यांतल्या बऱ्याच जणांची आकलनशक्ती कमी झालेली होती, तरी ८३ टक्के लोक वेदनेच्या एकातरी मोजपट्टीवर उत्तर देऊ शकले. म्हणजे सौम्य, मध्यम टप्प्यावरची बहुतेक माणसं सांगू शकतात, विचारणाऱ्याला धीर हवा आणि प्रश्न योग्य शब्दांत हवा. ‘दुखणं’ म्हणजे आपल्याकडे आजारपणसुद्धा. ‘काही दुखणं आहे का?’ला ‘मला काय धाड भरलीय?’ असं उत्तर येऊ शकतं. मग ठणकतंय का, कळ येते का, आग होते का, वातानं धरलंय का, जड झालंय का, असे एकेक शब्द टाकून पाहावे लागतात. त्यात त्या जागेवर हात ठेवून विचारलं तर आणखी बरं. ‘शून्य ते दहा’ ही इंग्रजी पुस्तकातली मोजणी शाळेत न गेलेल्या पिढीला परकी आहे. पण गावातल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, ‘रुपयातले आठ आणे फरक पडला’ हे वाक्य तो रोज ऐकतो. आण्यांची मोजपट्टी या पिढीच्या अंगात मुरलेली आहे. वेदनेची मापं मराठीत आणायची तर इथून सुरुवात करायला हवी, भाषांतरापासून नव्हे.

उत्तर मिळेनासं झालं की पाहण्याची पाळी येते. यासाठी जगात बऱ्याच मोजपट्ट्या तयार झाल्या. फ्रान्सची डोलोप्लस, कॅनडातली साठ खुणांची लांबलचक यादी, ऑस्ट्रेलियात जेनिफर ॲबी यांनी केलेली सहा मुद्द्यांची. सगळ्यांत सुटसुटीत म्हणून जास्त वापरली जाते ती ‘पेनॅड’. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बेडफर्ड इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात व्हिक्टोरिया वॉर्डन, ॲन हर्ली आणि लादिस्लाव्ह व्होलिसर यांनी ती तयार केली, २००३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात पाहायच्या गोष्टी पाचच, प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण दहापैकी.

पहिला श्वास. नेहमीसारखा असेल तर शून्य, मधूनमधून धाप लागत असेल तर एक, आवाज करत कष्टाने आणि बराच वेळ तसाच चालला असेल तर दोन. दुसरा तोंडाचा आवाज. अधूनमधून कण्हणं, पुटपुटत कुरकुरणं याला एक. पुन्हा पुन्हा हाका मारणं, मोठ्याने कण्हणं, रडणं याला दोन. तिसरा चेहरा. हसरा किंवा निर्विकार असेल तर शून्य, उदास, घाबरलेला किंवा कपाळाला आठ्या असतील तर एक, आणि वेदनेने वेडावाकडा झाला असेल, म्हणजे डोळे मिटून ओठ आवळलेले असतील तर दोन. चौथं अंग. सैल की ताठ? चुळबुळ, अस्वस्थ येरझाऱ्या असतील तर एक; मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी, हात लावला की ढकलणं किंवा मारणं असेल तर दोन. पाचवी गोष्ट मला सर्वांत माणुसकीची वाटते : समजूत पटते का? समजूत घालण्याची गरजच नसेल तर शून्य. जवळ बसून बोललं, पाठीवरून हात फिरवला की शांत होत असतील तर एक. काहीच केल्या शांत होत नसतील तर दोन.

पाच मिनिटं पाहायचं. कुठलं यंत्र लागत नाही की तपासणीचं बिल होत नाही. पण कधी पाहायचं याला महत्त्व आहे. खाटेवर पडलेल्या माणसाला पाहून काही कळणार नाही, कारण संधिवाताचा गुडघा पडून राहिला तर गप्प असतो. उठवताना, कूस बदलताना, अंघोळीला नेताना, लुगडं बदलताना पाहायचं. नॉर्वेत बेटिना हुसेबो यांनी केलेली मोजपट्टी तर याच तत्त्वावर आहे. ती भरणारी परिचारिका रोजच्या सेवेत हात, पाय, कूस एकेक करून हळूहळू हलवते आणि चेहऱ्याकडे पाहते.

याच हुसेबोंच्या गटाचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या क्षेत्रातला बहुधा सर्वांत जास्त चर्चेचा. पश्चिम नॉर्वेतल्या १८ नर्सिंग होम्समधले मध्यम ते तीव्र स्मृतिभ्रंश असलेले ३५२ रहिवासी त्यात होते. त्यांची निवड ‘यांना दुखतंय’ म्हणून नव्हे तर ‘हे चिडतात, ओरडतात, मारतात’ म्हणून झाली होती. निम्म्या युनिट्समध्ये नेहमीचे उपचार चालू ठेवले. उरलेल्यांत आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक औषधं दिली. दोन तृतीयांशांहून अधिक जणांना पॅरासिटामॉलच्या पुढे जावं लागलं नाही. चिडचिड आणि आक्रमकपणाचे गुण १७ टक्क्यांनी उतरले. औषधं थांबवल्यावर ते पुन्हा वाढू लागले.

या प्रयोगाची एक मर्यादा सांगायला हवी. दुसऱ्या गटाला खोटी गोळी दिलेली नव्हती, त्यामुळे कर्मचाऱ्यांना उपचार चालू आहेत हे माहीत होतं. नंतर त्याच देशात त्वचेवर लावायच्या ब्युप्रेनॉर्फिन पट्टीचे अभ्यास झाले, तेव्हा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत गुंगी आणि इतर त्रासांमुळे ती बंद करावी लागण्याचं प्रमाण बरंच होतं. म्हणजे जोरदार औषधांकडे धाव घेण्याचं हे समर्थन नव्हे. मुद्दा इतकाच की साधी गोळी नियमित दिल्याने जी माणसं शांत होतात, त्यांचा त्रास ‘वेड’ नव्हता.

आपल्याकडे होतं याच्या उलट. रात्री ओरडणाऱ्या आजींसाठी दवाखान्यात मागणी असते ती ‘झोपेची गोळी द्या’ अशी. घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. रात्रभर जागलेल्या आणि सकाळी खुरपायला जायचं असलेल्या सुनेची ती मागणी आहे. मग झोपेची किंवा मानसिक आजाराची गोळी सुरू होते. या मनोविकाराच्या औषधांपैकी नव्या पिढीच्या औषधांबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये सर्वांत कडक इशारा दिला : स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत त्यांनी मृत्यूचा धोका सुमारे दीडपटीहून अधिक वाढतो. २००८ मध्ये जुन्या औषधांनाही तोच इशारा लागू केला. काही रुग्णांना ही औषधं खरोखर लागतात, आणि चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. पण ती सुरू करण्याआधी वेदना पाहिली होती का, हा प्रश्न विचारायचा हक्क घरच्यांना आहे. गुंगीत असलेला माणूस कण्हत नाही. त्याने दुखणं थांबत नाही, दिसायचं थांबतं.

दुसरा घोळ चिठ्ठीवरच्या तीन अक्षरांचा, ‘एस.ओ.एस.’. म्हणजे दुखलं तर घ्या. स्वतः मागू शकणाऱ्या माणसासाठी ही सूचना योग्य आहे. ज्याला मागता येत नाही, त्याच्यासाठी तिचा अर्थ ‘देऊ नका’ असा होतो. वेदनेची शंका असेल तर पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, काही दिवस देऊन फरक पाहणं ही जगभर मान्य झालेली पद्धत आहे. वृद्धांत दिवसाला तीन ग्रॅमची मर्यादा साधारण पाळली जाते, अंगकाठी किरकोळ असेल किंवा यकृताचा आजार, दारू असेल तर त्याहून कमी. म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणि आठवडी बाजारच्या दिवशी घेतलं जाणारं ‘कमरेचं इंजेक्शन’ हा याला पर्याय नाही. या वयात त्यांचा मूत्रपिंडाला आणि जठराला धोका असतो. आणि अर्थातच शौच तुंबलं असेल तर पॅरासिटामॉल नव्हे, त्याचा उपाय करायचा. दात असेल तर दातांचा डॉक्टर.

फॅब्रिझिओ बेनेडेट्टी या इटलीतल्या शास्त्रज्ञाचं एक निरीक्षण इथे मोलाचं आहे. औषध घेतल्यावर आता बरं वाटेल या अपेक्षेनेही आपल्याला थोडा आराम पडतो. अल्झायमरमध्ये मेंदूच्या पुढच्या भागाचे धागे तुटले की ही अपेक्षाच नाहीशी होते, आणि तेवढा फायदाही जातो, असं त्यांच्या गटाला २००६ मध्ये आढळलं. म्हणजे तुम्हाआम्हाला जी गोळी पुरते ती या रुग्णाला अपुरी पडू शकते.

पेनॅडचे गुण म्हणजे तापमापकाचा आकडा नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं. दहापैकी सहा म्हणजे ‘साठ टक्के दुखतंय’ असं नाही. भूक, थंडी, भीती, ओलं झालेलं अंथरूण यांनीही गुण वाढतात. कंपवात असलेल्या माणसाचा चेहराच ताठ असतो, त्याला आठ्या पडत नाहीत, म्हणून गुण कमी येतात. आणि काही माणसं वेदनेने ओरडत नाहीत, गप्प होतात. जेवण कमी करतात, भिंतीकडे तोंड करून पडतात. अशा आजोबांबद्दल ‘आता शांत झालेत, त्रास देत नाहीत’ असं कौतुकाने सांगितलं जातं. म्हणून कोणत्याही मोजपट्टीचा खरा आधार एकच : हा माणूस एरवी कसा असतो? कालच्यापेक्षा आज वेगळं काय? हे फक्त रोज पाहणाऱ्यालाच कळतं. कोयत्यावर गेलेल्या सुनेचा मुद्दा इथे येतो. तिला ठाऊक असलेलं ‘एरवी’ तिच्याबरोबर कारखान्यावर जातं.

सरकारकडून काय अपेक्षा करावी? वृद्धांसाठी अलीकडे दोन मोठ्या घोषणा झाल्या. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, काठी, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी ३,००० रुपये मिळतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार. दोन्ही उपयोगाच्या आहेत. पण एक ज्याला आपलं दुखतं हे सांगता येतं त्याच्यासाठी, आणि दुसरी रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी. पडवीत ‘माय, माय’ करणारी बाई या दोन्हींच्या मध्ये राहते.

तिच्यापर्यंत पोचायला नवी योजना लागत नाही. आशाच्या फॉर्ममध्ये चौथ्या प्रश्नाला ‘हो’ आलं, तर पाचवा प्रश्न घरच्यांना विचारायचा : यांना उठवताना-बसवताना चेहरा बदलतो का, कण्हतात का, हात झटकतात का? उत्तर ‘हो’ असेल तर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरने एकदा डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं, तोंड उघडून आणि पाठ पालथी करून. हे आशांना जमेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी याच परिसराचा इतिहास आठवावा. शेजारच्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून अक्षरओळखही नसलेल्या बायकांकडून गावाचं आरोग्य सांभाळून दाखवलं. धाराशिव जिल्ह्यातच अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारतवैद्य’ म्हणून गावातल्या बायका तयार केल्या. पाच खुणा पाहून दहापैकी गुण देणं त्यांना अवघड नाही. आशांच्या डोक्यावर आधीच कामांचा डोंगर आहे, मोबदला अपुरा आणि उशिरा मिळतो, हे मात्र खरं. नवा प्रश्न वाढवायचा तर त्याचे पैसेही वाढवावे लागतील.

मोजण्याचीही परंपरा जवळ आहे. येरमाळ्याहून तासाभराच्या अंतरावर बार्शीला १९८७ मध्ये ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावोगाव जाऊन रुग्ण मोजले जाऊ लागले, आणि खेड्यातल्या बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग किती आहे हे त्यातून आकड्यांनिशी कळलं. त्याआधी तो नव्हता असं थोडंच आहे? स्मृतिभ्रंशातल्या वेदनेची अशी एकही वही आज नाही.

तोवर घरात करण्याजोगं एक काम आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत आपण दुधाचा हिशेब लिहितोच. तिथेच रोज सकाळी अंघोळीच्या वेळचा दहापैकी आकडा लिहायचा, बाजूला शौचाला झालं की नाही त्याची खूण, आणि गोळी दिली असेल तर तिचं टिंब. आठवड्यात दोन-तीन दिवस आकडा चार किंवा जास्त येत असेल, किंवा एकदम वाढला असेल, तर ते पान घेऊन डॉक्टरांकडे जायचं. दोन आठवड्यांचे आकडे समोर असले की ‘झोपेची गोळी द्या’पेक्षा वेगळं बोलणं होतं. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चार ओळी : आजींना कोणत्या कुशीवर झोपायला आवडतं, कुठला गुडघा आखडलाय, एरवी किती भाकरी खातात, दुखलं की काय म्हणतात. दसऱ्यानंतर कोयता निघेल तेव्हा हे पान घरात राहील, आणि शेजारची मावशी किंवा आठवीतली नात ते वाचू शकेल. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ ही टेलि-मानस, हे दोन नंबरही त्याच पानावर लिहून ठेवावेत.